मध्यम मापाचं हसू

सोमवारी सकाळी सहाही जण कामावर आले तेव्हा खोलीच्या मधलं गोल टेबल जागेवर नव्हतं आणि समोरच्या भिंतीवर एक पांढरा फळा लागला होता. फळ्यावर सहा ओळी, प्रत्येक ओळीला एक नंबर. पाच ओळींत निळ्या शाईने 'नऊ' लिहिलं होतं. चार नंबरच्या ओळीत लाल शाईने 'तीन' लिहिलं होतं.

"हे काय आहे?" काकांनी चष्मा पुसत विचारलं.

"कोण रोज किती कवळ्या करतं त्याचा आकडा," ताई म्हणाली. "चार नंबर म्हणजे तुम्ही."

"असं होय? मला वाटलं, तीन तारीख."

दातांच्या डॉक्टरांकडून या खोलीत पेशंटच्या जबड्याचे प्लास्टरचे साचे डब्यांतून यायचे. इथली सहा माणसं मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवायची. मग तो ऐवज खालच्या मजल्यावर जायचा आणि तिथून पक्की कवळी होऊन बाहेर पडायचा. दात बसवणं हे काम ऐकायला सोपं वाटतं. ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आरशासमोर उभं राहून स्वतःचेच दात नीट बघावेत. त्यात दोन अगदी सारखे सापडले, तर मला जरूर कळवावं.

काकांना इथे एकतीस वर्षं झाली होती. डब्यात पेशंटचा जुना, दात असतानाचा फोटो असल्याशिवाय ते कामाला हात लावायचे नाहीत. फोटोने समाधान झालं नाही, तर सरळ फोन करायचे. "आजी, तुम्ही हसताना मान मागे टाकायच्या का? नाही, आत्ता नाही हो, पूर्वी. आजोबांना विचारून सांगा, मी थांबतो." मग दात बसवून झाले की साचा गोल टेबलावर, शेजारी फोटो, आणि हातातलं काम टाकून सगळे भोवती गोळा. याला ते 'हसू बघणं' म्हणायचे. कोणी म्हणायचं, सुळा फार पुढे आलाय. कोणी म्हणायचं, बाई प्रेमळ आहे पण दात सासूचे वाटतायत. सहाही जणांनी 'पटलं' म्हटलं की साचा खाली जायचा. एकाने जरी तोंड वाकडं केलं, तरी दात पुन्हा बसायचे. त्या सहांत दोन साडू होते. घरच्या कुठल्याशा भानगडीवरून त्यांनी नऊ वर्षं एकमेकांशी अबोला धरला होता, पण दातांवरून भांडायला त्यांची हरकत नसे. टेबलाभोवती ते दिवसातून चार वेळा कडाकडा भांडायचे आणि मग पुढच्या साच्यापर्यंत गप्प बसायचे.

दोन महिन्यांपूर्वी जुन्या मालकाने धंदा विकला आणि कंपनी आली. कंपनीच्या मोठ्या ऑफिसात अभ्यास होऊन असं ठरलं की माणसाचं हसू तीन मापांत येतं: लहान, मध्यम आणि मोठं. तिन्ही मापांच्या दातांच्या तयार माळा खोक्यांतून आल्या. माळ उचलायची, मेणावर दाबायची, झालं. फोटो नको, फोन नको, टेबल तर नकोच. टेबल मॅनेजरच्या केबिनमध्ये फायली ठेवायला गेलं आणि त्याच्या जागी एक पाटी आली. 'कामाच्या जागी कामाशिवाय बोलू नये.'

मॅनेजर हा पस्तिशीचा, सतत पोट धरून बसणारा माणूस होता. त्याला सगळे मागून 'टार्गेट' म्हणायचे. हे त्याला माहीत होतं. दिवसातून दोनदा तो आम्लपित्ताची गोळी घ्यायचा, एकदा मोठ्या ऑफिसचा फोन यायच्या आधी आणि एकदा नंतर.

"काका, मला काय हौस आहे का?" तो कागद पुढे करत म्हणाला. "वरून आलंय. माणशी रोज आठ. या महिन्यात तुमचे आठ झाले नाहीत, तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही गोदामात, पॅकिंगला."

"माझे अकरा महिने राहिलेत, साहेब."

"तेच म्हणतोय. मध्यमची माळ उचला, दाबा आणि सुखाने रिटायर व्हा ना."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. डबा उघडला आणि तसाच बंद केला. पाटी होती म्हणून ते ताईच्या कानाशी बोलले, "पॅकिंगला मी कमी लेखत नाही गं. पण माणसाचं तोंडही न बघता नुसते दात डब्यात भरायचे, असे अकरा महिने माझ्याने नाही निघायचे." ताईला एकदम भडभडून आलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्याने दात बसवले त्याच्या नंबरची चिठ्ठी साच्यावर चिकटवायची आणि खालचं मशीन ती वाचून आकडा धरायचं, अशी नवी पद्धत होती. काका ही चिठ्ठी लावायला हमखास विसरायचे. त्यामुळे त्यांच्या चिठ्ठ्यांची गुंडाळी दाराजवळच्या खिडकीत उघडीच पडलेली असायची, आणि जाता-येता कोणीही त्यांच्या साच्यावर चिठ्ठी लावून द्यायचं.

ताईने हिशेब केला. काकांचे रोज तीन होतात, लागतात आठ. पाच कमी. आपले नऊ होतात, त्यातल्या पाचांवर काकांची चिठ्ठी लावली तर कुणाचं काय बिघडणार आहे? तिने गुपचूप सुरुवात केली. हिशेब अगदी बरोबर होता.

तोच हिशेब पैलवानानेही केला. हा पैलवान अंगाने काडी होता, पण मनाने मोठा. त्यानेही गुपचूप पाच दिले. बेचाळीस वर्षांचा असूनही ज्याला सगळे धाकटा म्हणायचे, त्यानेही पाच दिले. थोरल्या साडूने पाच दिले. धाकट्या साडूने पाच दिले, आणि थोरल्याला असलं काही सुचणं शक्य नाही, अशी त्याची खात्री होती. टेबल जागेवर असतं तर पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी तोंडून निघालं असतं. पण टेबल केबिनमध्ये होतं आणि भिंतीवर पाटी होती, तेव्हा पाचही जणांनी आपापलं पुण्य मुकाट्याने केलं.

आकडे सोमवारी लागत. पुढच्या सोमवारी फळ्यावर पाच ओळींत लाल 'चार' होतं आणि काकांच्या ओळीत निळं, ठळक 'अठ्ठावीस'.

"अठ्ठावीस!" पैलवानाच्या तोंडून निघून गेलं.

काका फळ्याकडे बघून जराही चकित झाले नाहीत. "एका कवळीत दात अठ्ठावीस असतात," ते म्हणाले. "मशीनने दात मोजले असतील. बिचारं नवीन आहे."

तेवढ्यात टार्गेट दोन पत्रं घेऊन आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पहिल्या पत्रात काकांचं अभिनंदन होतं. दुसरं वाचण्याआधी त्याने गोळी घेतली.

"वरून आलंय," तो म्हणाला. "एक माणूस रोज अठ्ठावीस करतो आणि बाकीचे पाच मिळून वीस. तेव्हा हे पाच जण जादा आहेत. महिनाअखेर त्यांना मोकळं करावं. त्याआधी गुरुवारी मोठे साहेब स्वतः येतायत. काकांच्या पद्धतीची फिल्म काढून सगळ्या शाखांना दाखवणार आहेत." एवढं बोलून तो केबिनमध्ये गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

ताईने डोळ्यांना पदर लावला.

"काका, चूक माझी आहे. रोज पाच मी घातले तुमच्या नावावर."

"तुम्ही?" पैलवान ओरडला. "अहो, मी घातले पाच!"

"म्हणजे माझे पाच कुठे गेले?" धाकट्याने विचारलं.

दोघे साडू एकमेकांकडे बघत होते. "तू पण?" थोरल्याने विचारलं. दात सोडून दुसऱ्या विषयावरचं हे त्यांचं नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य.

"मग? अकलेचा मक्ता काय तू एकट्यानेच घेतलायस?"

"तुला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"आणि तुला कोणी सांगितलं होतं?"

"गप्प बसा!" काका म्हणाले. ते रागाने लाल झाले होते. "मी भीक मागितली होती का रे तुमच्याकडे? एकतीस वर्षांत एक कवळी मी न केलेली माझ्या नावावर गेली नाही. आणि आता रोज पंचवीस? त्यातही मध्यमच्या?" मग त्यांनी पाचही तोंडांकडे एकेक करून बघितलं आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. आपल्यासाठी पाच माणसं आपापलं पोट पणाला लावतात आणि कोणाला पत्ताही लागू देत नाहीत, हे त्यांच्या काळजाला भिडलं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "गुरुवारी मी साहेबांना खरं सांगणार."

"खरं सांगितलं तर तुम्ही पॅकिंगला, काका."

"आणि नाही सांगितलं तर तुम्ही पाच जण घरी. माझं काय, पॅकिंग तर पॅकिंग."

गुरुवारी मोठे साहेब आले. बरोबर कॅमेरावाला होता. मोठे साहेब कधी हसत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. कंपनीच्या कॅलेंडरवरच्या बाराही महिन्यांच्या फोटोंत त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि त्या मिटलेल्या ओठांचा सगळ्या शाखांना धाक होता.

"साहेब," काका उभे राहून म्हणाले, "मी रोज तीनच करतो. बाकीच्या या लोकांनी केलेल्या आहेत."

साहेबांनी तोंडासमोर हात धरला. "नम्रता," ते कॅमेरावाल्याला म्हणाले. "हे घ्या फिल्ममध्ये."

"नम्रता नाही हो, खरंच तीन. कधीकधी अडीच."

"सहकाऱ्यांना श्रेय देतात. हेही घ्या." साहेब खुर्चीत बसले. "काका, सिस्टिम खोटं बोलत नाही. सिस्टिममध्ये अठ्ठावीस आहेत."

काका आता आकडे ऐकतच नव्हते. ते साहेबांच्या ओठांकडे बघत होते. साहेब 'सिस्टिम' म्हणाले की वरचा जबडा शब्दाच्या मागून अर्ध्या क्षणाने येत होता, आणि मग बारीकसा 'टक्' असा आवाज होत होता.

"साहेब, तुमची कवळी कोणी केली?"

केबिनच्या दारात उभ्या असलेल्या टार्गेटने खिशातली गोळी तोंडात टाकली. मोठ्या साहेबांना कवळी आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी कोणी विचारलं नसतं. साहेबांनी सावकाश हात उचलला आणि कॅमेरा बंद करायची खूण केली.

"आपल्याच कंपनीची आहे," ते अगदी हळू म्हणाले. "मध्यम."

"जेवता येतं?"

"जेवताना काढून ठेवतो. बोलताना हात धरतो. हसायचं मी सोडून दिलंय."

"अरेरे," ताई म्हणाली, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं होतं.

"चला तर मग," काका म्हणाले. "पद्धतच बघायचीय ना? हीच करून दाखवतो. टेबल आणा रे!"

पैलवान आणि धाकट्याने केबिनमधल्या फायली जमिनीवर ओतल्या आणि टेबल बाहेर आणलं. साहेबांच्या तोंडाचा ठसा घेतला. फोटो मागितला, तेव्हा साहेबांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून एक चुरगळलेला फोटो काढला. त्यात एक पंचविशीचा तरुण मान मागे टाकून मोकळेपणाने हसत होता.

"हे तुम्ही?" थोरल्या साडूने विचारलं. "छान दिसायचात की हो."

"डावीकडचा पुढचा दात जरा वळलेला आहे बघ," धाकटा साडू म्हणाला.

"उजवीकडचा."

"डावीकडचा! फोटो त्यांचा आहे, आरशातला नाही."

"ओठ पातळ आहेत, दात लहान हवेत," ताई म्हणाली. "आत्ताचे दात म्हणजे दाराला फाटक लावल्यासारखे दिसतायत."

"हनुवटी हट्टी आहे," पैलवान म्हणाला.

पगार देणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याची त्याच्याच समोर चिरफाड चालली होती आणि तो निमूट ऐकत होता. त्याच्या तोंडाबद्दल इतक्या आपुलकीने बरीच वर्षं कोणी बोललं नव्हतं. काकांनी एकेक दात निवडला, बसवला, उपटला, पुन्हा बसवला. दुपार झाली. संध्याकाळ होत आली. दोनदा पाच जणांनी 'पटलं' म्हटलं आणि दोन्ही वेळा धाकट्याने मान हलवली. टार्गेट घड्याळ हातात धरून उभा होता आणि घड्याळाकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

"साहेब, तुम्ही पण या ना," ताई त्याला म्हणाली. "सांगा, हसू पटतंय का?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"तोंडाकडे बघा आणि फोटोकडे बघा. त्यात कळायचं काय आहे?"

टार्गेट वाकला. या नोकरीत त्याला आकडा सोडून पहिल्यांदाच कोणी काही विचारत होतं. त्याने बराच वेळ बघितलं. "तो वळलेला दात," तो चाचरत म्हणाला, "अजून थोडा वळवला तर?"

काकांनी दात केसभर वळवला. "पटलं!" सहाही जण एकदम म्हणाले, आणि सातवा टार्गेट.

शनिवारी पक्की कवळी साहेबांच्या तोंडात बसली. ते आरशासमोर उभे राहिले आणि 'सिस्टिम' म्हणाले. 'टक्' झालं नाही. पुन्हा म्हणाले. मग त्यांनी घरी फोन लावला.

"काय हो," पलीकडून बायकोचा आवाज आला, "एवढे स्पष्ट कसे बोलताय आज? प्यायलाबियलात की काय?"

साहेब मान मागे टाकून हसले. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसून झाल्यावर साहेबांचं लक्ष भिंतीवरच्या फळ्याकडे गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सहा माणसं, अख्खा दिवस, कवळी एक," ते म्हणाले. "हे मी वर पाठवलं तर ही जागा सोमवारी बंद होईल. आणि मला बरं वाटलं हे लिहायचं तर सिस्टिममध्ये तसा रकाना नाही."

"मग?"

साहेब खाली बसले. "आम्ही बोर्डात अकरा संचालक आहोत, काका. अकराही म्हातारे, अकराही मध्यम. मीटिंगमध्ये कोणी हसत नाही. लोकांना वाटतं, धंदा फार गंभीर आहे."

सोमवारी वरून पत्र आलं. ही खोली आता 'संचालक विभाग' झाली होती. इथे फक्त संचालकांच्या कवळ्या होतील. आठाची अट नाही, कोणाला कमी करायचं नाही, काकांना पॅकिंगला पाठवायचं नाही. दरमहा किती संचालकांचं काम झालं एवढाच आकडा कळवावा. फळा उतरला. पाटीही उतरली. पैलवानाने टेबलावर उभं राहून नाचायचा प्रयत्न केला आणि काकांनी त्याला खाली उतरवलं.

पण उरलेल्या दहा संचालकांचे दहा डबे दोन दिवसांत संपले आणि काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. सकाळीच एका डॉक्टरांनी फोन करून एक डबा पाठवला होता. एक बाई होत्या, लहान मुलांना गाणं शिकवायच्या. मध्यमची कवळी बसवल्यापासून त्यांच्या 'सा'बरोबर शिट्टी वाजायची. मुलं हसत होती, आणि बाईंनी शिकवणं बंद केलं होतं.

"त्या कुठे संचालक आहेत?" काका म्हणाले. "माझी खुर्ची राहिली, टेबल राहिलं, आणि माणसं गेली. याला काय अर्थ आहे?"

मग टार्गेट पुढे आला. त्याने डब्यावरचं नाव वाचलं, खिशातून पेन काढलं आणि रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'संचालक क्रमांक बारा.'

"साहेब!" ताईने तोंडावर हात ठेवला. "वरून कोणी विचारलं तर?"

"आकडा कमी झाला तरच विचारतात," टार्गेट म्हणाला. "वाढलेल्या आकड्याला आजपर्यंत कोणी काही विचारलेलं नाही. इतकी वर्षं मी दुसरं काय शिकलोय?"

बाईंच्या मागून बसचा एक निवृत्त कंडक्टर संचालक झाला. मग एक सुईण, दोन गवंडी आणि एका डॉक्टरांची स्वतःची आई. डॉक्टरांकडे कुजबूज पसरली आणि डबे जिन्यापर्यंत रांगेत लागले. टार्गेट रोज रात्री जेवणानंतर शांत झोपू लागला आणि गोळ्यांची बाटली घरी विसरून येऊ लागला. दोघे साडू आता घरच्या विषयांवरही भांडत होते.

पहिल्या महिन्याचा आकडा वर गेला तो चारशे बत्तीस. त्यानंतरचे चार दिवस फोन वाजला की सगळ्यांची पाचावर धारण बसायची. पाचव्या दिवशी पत्र आलं. टार्गेटने ते टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचलं.

"'कंपनीच्या संचालकांच्या संख्येत झालेली वाढ समाधानकारक आहे. पुढच्या महिन्यासाठी पाचशे संचालकांचं टार्गेट ठरवण्यात येत आहे. हे काम ज्यांच्यामुळे चाललं आहे त्या कर्मचारी क्रमांक चार यांची निवृत्ती सर्व संचालकांचं काम पूर्ण होईपर्यंत पुढे ढकलण्यात येत आहे.'"

काकांनी पत्र हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. "म्हणजे मी मरेपर्यंत?"

"नाही हो," ताई म्हणाली. "संचालक संपेपर्यंत."

काकांनी खिडकीतून जिन्याकडे बघितलं. रांग फाटकाबाहेर गेली होती. त्यांनी चष्मा चढवला आणि पुढचा डबा जवळ ओढला. संचालक क्रमांक पाचशे पाच पूर्वी एका शाळेत घंटा वाजवायचा, आणि फोटोत तो जीभ बाहेर काढून हसत होता.